आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी

मेनफ्रेमवर असेम्ब्लर लिहिणाऱ्यांची एक जुनी खोड आहे. रजिस्टर शून्य कसं करायचं, यावर ही मंडळी तासभर भांडू शकतात. एसआर वापरून रजिस्टर स्वतःतूनच वजा करायचं, एक्सआर वापरायचं, की एलएने सरळ शून्य भरायचं? प्रत्येकाकडे एक ठाम उत्तर असतं आणि ते त्याला त्याच्या सीनियरने सांगितलेलं असतं. त्या सीनियरला त्याच्या सीनियरने. घराण्याची गायकी असावी तसं.

नातेवाईक मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. असेम्ब्लर म्हणजे यंत्राला एकेक सूचना हाताने द्यायची भाषा आणि रजिस्टरं म्हणजे प्रोसेसरच्या अगदी हाताशी असलेले सोळा छोटे कप्पे. मेनफ्रेम म्हणजे मोठमोठ्या बँका आणि विमान कंपन्या आजही ज्यावर रात्रंदिवस हिशोब करतात ते यंत्र. ते हिशोब सांभाळणाऱ्यांतले बरेच जण पुण्या-मुंबईत बसलेले असतात, म्हणजे हे भांडण अगदीच परक्याचं नाही.

आता मुद्दा. कार्यक्षम सूचना निवडायच्या या नावाखाली जे चालतं, त्यातलं बरंचसं कर्मकांड आहे असं माझं स्पष्ट मत आहे. नुसतं निरुपयोगी असतं तर सोडून दिलं असतं. ते नुकसान करतं.

या कर्मकांडाला एके काळी भक्कम आधार होता हे आधी कबूल करायला हवं. आयबीएमने १९६४ साली सिस्टिम/३६० जाहीर केली तेव्हा तिच्या मॉडेल ३० ची सर्वांत छोटी मेमरी ८ के होती. के म्हणजे हजार, लाख-कोटी नव्हे! एसआर २ बाइटांची, एलए ४ बाइटांची, आणि एल वापरून मेमरीतलं शून्य उचललं तर सूचनेचे ४ आणि त्या शून्याचे आणखी ४. अशा घरात दोन बाइट वाचवणारा माणूस शहाणाच म्हणायचा. शिवाय कुठल्या सूचनेला किती वेळ लागतो याचे तक्ते आयबीएम प्रत्येक मॉडेलसाठी छापून देत असे. तक्ता बघा, बेरीज करा, उत्तर तयार.

पण तेव्हाही तक्ते मॉडेलगणिक वेगळे होते. मॉडेल ३० आतून एका वेळी ८ बिटं हाताळायचं, मॉडेल ७५ एका वेळी ६४. प्रोग्राम तोच, सूचना त्याच, वेळेचं गणित निराळं. म्हणजे 'अमुक सूचना जलद' हे वाक्य पहिल्या दिवसापासून अर्धवट होतं. 'कुठल्या यंत्रावर?' हा प्रश्न त्यातून गळून गेला आणि नियम तेवढा उरला.

आज तर तक्तेच नाहीत. आत्ताच्या यंत्राच्या अधिकृत ग्रंथात प्रत्येक सूचना काय करते ते बारकाव्यांसकट लिहिलेलं असतं, पण तिला वेळ किती लागतो याबद्दल अक्षर नसतं. कारण सांगता येण्यासारखं उत्तरच राहिलेलं नाही. २०१० च्या झेड१९६ पासून प्रोसेसर सूचनांचा क्रमही आपल्या सोयीने बदलतो. एखाद्या सूचनेची किंमत तिच्या शेजारी कोण आहे आणि तिला हवा असलेला डेटा कॅशमध्ये आहे की दूर मेमरीत, यावर ठरते. नुकतंच मेमरीतून भरलेलं रजिस्टर लगेच पुढच्या ओळीत पत्ता म्हणून वापरलं की यंत्राला वाट बघावी लागते. सूचना दोन्ही 'जलद'च, जोडी मात्र संथ.

आता नुकसानीकडे येतो. जुनी एक प्रसिद्ध युक्ती आहे. एखादं काम फक्त पहिल्यांदाच करायचं असेल, तर काहीच न करणारी एक ब्रँच सूचना लिहायची आणि काम झालं की ओआय वापरून त्या सूचनेचाच एक बाइट बदलायचा. पुढच्या वेळी तीच सूचना उडी मारते. वेगळा फ्लॅग नको, तपासणी नको. १९६५ साली हुशारी, प्रश्नच नाही. आजच्या यंत्रावर चालू प्रोग्रामच्या सूचनांत असं लिहिणं म्हणजे कॅशमधली ती पूर्ण २५६ बाइटांची ओळ रद्द करून परत आणायला लावणं. एक साधी तपासणी वाचवण्यासाठी केवढा हा खटाटोप! आणि तो प्रोग्राम एकाच वेळी दोन कामांसाठी वापरता येत नाही, ते वेगळंच.

एलएचंही तसंच. एलए पत्ता काढणारी सूचना, पण तिने स्वस्तात बेरीज होते म्हणून सर्रास आकडे मोजायला वापरली गेली. पत्ता २४ बिटांचा होता, तेव्हा ती वरची ८ बिटं पुसून टाकायची. १९८३ साली ३७०-एक्सएबरोबर पत्ता ३१ बिटांचा झाला आणि पुसणं एका बिटावर आलं. पुसण्याच्या भरवशावर लिहिलेला कोड तिथे फसतो, आणि ऋण आकडा असेल तर दोन्हीकडे फसतो. आजही कित्येक प्रोग्राम '१६ एमबीच्या लाईनच्या खाली' अडकलेले आहेत, त्यामागे अशाच बचती आहेत. ज्याने बचत केली तो कधीच निवृत्त झाला. रात्री दोन वाजता अबेंड आल्यावर उठतो तो पंचवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. 'हे असं का लिहिलंय?' याला कॉमेंटमध्ये उत्तर नसतं.

माझ्या मते सूचना निवडायच्या त्या अर्थाने. कंडिशन कोड जपायचा असेल तर एसआर चालणारच नाही, कारण ती तो बदलते. एलए किंवा एलएचआय घ्या. हा वेगाचा नाही, बरोबर-चुकीचा प्रश्न आहे. वीस बाइट हलवायचे असतील तर एमव्हीसी. त्यासाठी एमव्हीसीएल काढून चार रजिस्टरं भरत बसणं म्हणजे दूध आणायला ट्रक काढणं.

आणि खरा वेळ कुठे जातो? दहा हजार नोंदींच्या तक्त्यात ओळीने शोधत गेलात तर सरासरी पाच हजार तुलना होतात. लूपमधल्या चार सूचनांच्या तीन केल्यात, शाब्बास, फार तर पाव भाग वाचला. तक्ता क्रमाने लावून दर वेळी अर्धा करत शोधलात तर जास्तीत जास्त चौदा तुलना. फाइलींचंही तेच. ८० बाइटांची दहा लाख रेकॉर्डं एकेक करून ठेवली तर दहा लाख ब्लॉक होतात. २७,९२० बाइटांचा ब्लॉक केला तर एकात ३४९ रेकॉर्डं मावतात आणि सगळं काम २,८६६ ब्लॉकांत भागतं. झेड१९६ चा वेग ५.२ गिगाहर्ट्झ, म्हणजे डिस्कसाठी एक मिलिसेकंद थांबलात की ५२ लाख ठोके गेले. तेवढ्यात किती एसआर आणि एक्सआर बसतील ते तुम्हीच मोजा.

यावर दुसरी फळी लगेच म्हणेल, "मग सोडा ना, हार्डवेअर स्वस्त आहे!" हेही मला मान्य नाही. मेनफ्रेमवर सॉफ्टवेअरचं भाडं बऱ्याच ठिकाणी चार तासांच्या सरासरी वापराच्या शिखरावर ठरतं, म्हणजे उधळपट्टीचं बिल दर महिन्याला येतं. डोनाल्ड क्नुथने १९७४ साली अवेळी केलेल्या ऑप्टिमायझेशनला दोष दिला, तो सगळ्यांना पाठ आहे. उरलेल्या तीन टक्के कळीच्या कोडमध्ये मात्र संधी सोडू नका, असंही त्याने तिथेच बजावलं होतं, ते सोयीस्करपणे विसरलं जातं. ते तीन टक्के शोधायला मोजावं लागतं. आणि मोजायचाच तर कंटाळा असतो!

गंमत अशी की हाताने केलेली निवड तिथेच गोठते. २०१३ साली आलेल्या एन्टरप्राइज कोबॉल ५ पासून कंपायलरला यंत्राची पिढी सांगता येते आणि तो त्या पिढीच्या नव्या सूचना वापरतो. परत कंपाइल केलं की झालं. आपला हातचा असेम्ब्लर मात्र ज्या सालच्या यंत्रासाठी घासूनपुसून लिहिला, त्याच सालात बसून राहतो.

तेव्हा यापुढे कुणी "ही सूचना जलद असते" असं म्हणालं, तर त्याला तीनच प्रश्न विचारावेत. कुठल्या यंत्रावर? कधी मोजलंस? आणि या लूपमध्ये एकूण वेळेपैकी किती वेळ जातो? तिन्हींची उत्तरं असतील तर त्याच्या पाया पडावं. नसतील तर त्याने साधा, वाचता येईल असा कोड लिहावा आणि पुढच्या पिढीला रात्री झोपू द्यावं.