जमिनीवर खांब, समुद्रात नुसती रेघ



आम्ही खुर्सीपारची माणसं समुद्रापासून खूप लांब. आम्हाला ठाऊक असलेली सीमा म्हणजे राज्याची. राजनांदगाव मागे टाकून बाघनदी ओलांडली की महाराष्ट्र सुरू! पाटी बदलते, पण आपल्याला कोणी अडवत नाही. देशाची सीमा मात्र अशी सहज ओलांडता येत नाही. आणि समुद्रात तर ती दिसतही नाही.

सात आणि सात

भारताला जमिनीवर सात शेजारी आहेत : पाकिस्तान, अफगाणिस्तान, चीन, नेपाळ, भूतान, म्यानमार आणि बांगलादेश. ही सीमा सुमारे १५,१०६ किलोमीटर लांब आहे. त्यात सर्वांत लांब बांगलादेशची, सुमारे ४,०९६ किलोमीटर, आणि सर्वांत लहान अफगाणिस्तानची, अवघी १०६. तीही पाकव्याप्त काश्मीरच्या भागात.

समुद्रातही शेजारी सातच! पाकिस्तान, बांगलादेश आणि म्यानमार इथेही आहेत. शिवाय श्रीलंका, मालदीव, थायलंड आणि इंडोनेशिया. अंदमान-निकोबारमुळे थायलंड आणि इंडोनेशियाही आपले शेजारी ठरतात.

पाण्यावर रेघ कशी ओढतात?

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, हा देशाचा स्वतःचा समुद्र. २०० सागरी मैलांपर्यंत (सुमारे ३७० किलोमीटर) मासे, तेल आणि वायू यांवर त्या देशाचा हक्क. पण दोन देश जवळजवळ असले की हे पट्टे एकमेकांवर चढतात. मग चर्चा करून रेघ ठरवावी लागते. श्रीलंकेशी १९७४ आणि १९७६ मध्ये करार झाले. बांगलादेशशी जमलं नाही, म्हणून प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेलं. २०१४ मध्ये वादातल्या सुमारे २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशला मिळाले. भारताने तो निकाल मान्य केला. पुढच्याच वर्षी जमिनीवरच्या १६२ छोट्या वस्त्यांची अदलाबदलही झाली.

जिथे रेघच ठरली नाही

कच्छजवळची सर क्रीक ही सुमारे ९६ किलोमीटरची खाडी. तिचा वाद १९१४ मधल्या मुंबई सरकारच्या एका ठरावापर्यंत मागे जातो. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता. भारत म्हणतो, सीमा खाडीच्या मधून जाते. पाकिस्तान म्हणतो, पूर्व काठावरून. खाडीचं ठरत नाही, म्हणून पुढे समुद्रातली रेघही ठरत नाही.

याची किंमत मच्छीमार मोजतात. गुजरातच्या बोटींवर आपल्या पालघर जिल्ह्यातले खलाशीही कामाला जातात. मासळीच्या मागे बोट थोडी पुढे गेली, की पकडली जाते. मग माणूस कराचीच्या तुरुंगात आणि घरचे इकडे वाट पाहत. असेच पाकिस्तानी मच्छीमार आपल्याकडेही अडकतात. कमावता माणूस गेला की घरभाडं, शाळेची फी, औषधं, सगळंच अडतं.

२००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. बातम्यांत ती एक ओळ असते. पण एखाद्या घराला आपला माणूस जिवंत असल्याचा तोच पुरावा असतो. पुढच्या वेळी ती बातमी दिसली तर मुलांना नकाशा उघडून सर क्रीक नक्की दाखवा.