‘बरं आहे’ या दोन शब्दांविरुद्ध

डॉक्टरांसमोर बसल्यावर भल्याभल्या मराठी वक्त्यांची भाषा आखडते. ‘कसं काय?’ या प्रश्नाला ‘बरं आहे’ एवढे उत्तर देऊन ते मोकळे होतात, आणि आपण त्याला संयम, सोशिकपणा अशी भारदस्त नावे देतो. इतर दुखण्यांत हा सभ्यपणा कदाचित खपून जात असेल. पार्किन्सन्समध्ये, म्हणजे कंपवातात, तो घातक आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. वर्गात वर्षानुवर्षे मुकाट सोसणाऱ्या व्यक्तिरेखांचे गोडवे गाऊन हा सभ्यपणा जोपासण्यात आम्हा साहित्याच्या अध्यापकांचाही हात आहे, हेही आरंभीच कबूल करतो.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टराने १८१७ साली या व्याधीवर निबंध लिहिला तो अवघ्या सहा व्यक्तींच्या आधारे. त्यांपैकी दोघे त्याला रस्त्यात भेटले होते आणि एकाला तर त्याने केवळ दुरून पाहिले होते. दोनशे वर्षे उलटली, तरी मधुमेहात रक्तातली साखर मोजून औषध बेतावे तशी सोय येथे नाही. डॉक्टर तपासतात, पाहतात. पण त्यांना दिसतात ती दहा-पंधरा मिनिटे. उरलेल्या दिवसाचा निवेदक रुग्णच. निवेदक अविश्वसनीय असला की कादंबरीला खोली येते. औषधयोजनेचा मात्र विचका होतो.

हा विचका आम्ही जवळून पाहिला. आमचे एक निवृत्त सर आठ वर्षे या व्याधीशी झगडत आहेत. तपासणीच्या दिवशी ते वेळ साधून गोळी घेत, म्हणजे डॉक्टरांच्या खोलीत ताठ चालत जाता येई. दुपारी चारला त्यांना खुर्चीतून उठता येत नसे, हे डॉक्टरांना कधी कळलेच नाही. मग सर स्वतःच्या मनाने अर्धी गोळी अधिक घेऊ लागले. शिवाय कुणा स्नेह्याने सुचवलेले खाजकुइलीचे चूर्णही सुरू केले; ‘ते काय, आयुर्वेदिकच!’ पुढे हात-मान आपोआप वळवळू लागले. डॉक्टरांनी ते पाहिले आणि, लिहून दिलेल्या गोळ्यांचाच हा परिणाम समजून, मात्रा कमी केली. दुपार अधिकच जड झाली. चोरून घेतलेल्या गोळ्या वाढल्या. काकूंना सारे ठाऊक होते. परंतु सरांदेखत बोलायचे कसे?

यातले शास्त्र अगम्य नाही. लेव्होडोपाचे मेंदूत डोपामीन होते. कार्बिडोपाची जोड असूनही रक्तातली त्याची पातळी साधारण दीड तासात निम्म्यावर येते. आरंभीच्या वर्षांत मेंदूतील शिल्लक पेशी त्याचा साठा करतात, म्हणून दिवसातून तीन गोळ्या पुरतात. पुढे साठवण घटते आणि दोन गोळ्यांच्या मध्ये अंमल उतरू लागतो. डाळ, दूध, पनीर यांतील प्रथिने त्याच वाटेने शोषली जातात, तेव्हा जेवणासोबत घेतलेली गोळी काहींना लागूच पडत नाही. आणि खाजकुइलीच्या बियांत मुळातच लेव्होडोपा असतो! म्हणजे सर एकच औषध दोन नावांनी घेत होते आणि डॉक्टरांना त्यातले एकच नाव ठाऊक होते.

याहून अवघड मौन लज्जेचे. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांनी काही रुग्णांना जुगाराची, बेसुमार खरेदीची, अनावर कामेच्छेची ओढ लागते. हा औषधाचा ज्ञात परिणाम आहे. आपल्या घरांत मात्र त्याची गणना ‘म्हातारचळा’त होते. मुला-सुनेसमोर हे उच्चारण्यापेक्षा माणूस औषधच बंद करतो. तेही धोक्याचे, कारण पार्किन्सन्सची औषधे एकाएकी तोडली तर तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकते. कमी करायची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, टप्प्याटप्प्याने.

‘डॉक्टरांना ऐकायला वेळ कुठे असतो?’ हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. कबुली देणाऱ्याला फैलावर घेणारा डॉक्टर पुढच्या खोट्याची पेरणीच करत असतो. रुग्णाला दोन मिनिटे एकट्याने बोलू देणे, ‘एखादी गोळी चुकते का, जास्त होते का?’ असे सहज विचारणे, ही त्यांची जबाबदारी. पण वेळ थोडा असेल तर तो ‘बरं आहे’वर उधळणे अधिकच अक्षम्य ठरते.

सरांच्या बाबतीत शेवटी एक वही कामी आली. आठवडाभर त्यांनी तासातासाची नोंद केली: गोळी केव्हा, जेवण केव्हा, अंग केव्हा मोकळे, केव्हा जखडलेले, वळवळ केव्हा, चोरलेली अर्धी गोळी आणि चूर्णसुद्धा. डॉक्टरांनी वही वाचली, चूर्ण थांबवले आणि गोळ्यांचा हिशेब नव्याने मांडून त्या तीनऐवजी पाच वेळांत वाटल्या. व्याधी गेली नाही, जाणारही नव्हती. पण आता चार वाजता सर स्वतः उठून दार उघडतात.

आयुष्यभर आमच्या निबंधांतली मोघम वाक्ये तांबड्या शाईने खोडणाऱ्या सरांना स्वतःबद्दलचे एक नेमके वाक्य लिहायला आठ वर्षे लागली. ती आठ वर्षे एकट्या सरांनी वाया घालवली नाहीत. त्या काळात आम्ही त्यांना दर भेटीत ‘कसं काय, सर?’ विचारत होतो, आणि ‘बरं आहे’ ऐकून समाधानाने घरी परतत होतो.