मार्गदर्शक घडवण्याचा खर्च कोणाचा?

शहराच्या उपनगरात एखादे मोकळे मैदान उरले असेलच, तर त्याच्या कुंपणावर क्रीडा प्रबोधिनीचा फलक हमखास दिसतो. फलकावर मासिक शुल्क असते, चषक उंचावलेल्या मुलांची छायाचित्रे असतात; शिकवणारा स्वतः कोठे शिकला, हे मात्र क्वचितच लिहिलेले असते. तशी सक्तीच नाही. वकिलाला १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानुसार नोंदणी करावी लागते, डॉक्टरला वैद्यक परिषदेची नोंद लागते; परंतु दहा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यावर, खांद्यावर आणि मनावर रोज दोन तास हुकमत चालवणाऱ्याला या देशात कायद्याने कोणताही परवाना लागत नाही.

त्याच १९६१ साली, ७ मे रोजी, पतियाळाच्या महाराजांच्या मोतीबाग राजवाड्यात राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली. संस्थानिकाच्या महालात लोकशाही राज्याने मार्गदर्शक घडवावेत, ही त्या काळाची एक चांगली खूण होती. १९७३ मध्ये संस्थेला नेताजी सुभाषचंद्रांचे नाव देण्यात आले. तेथील पदविकेने मार्गदर्शनाला शरीरक्रियाशास्त्र, मानसशास्त्र आणि सरावाचे शिस्तबद्ध नियोजन यांची बैठक दिली. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही निघाला. फुटबॉलमध्ये आज आशियाई महासंघाच्या ‘डी’पासून ‘प्रो’पर्यंत परवान्यांची शिडी आहे, क्रिकेट मंडळाच्याही आपल्या पायऱ्या आहेत. तेव्हा शिक्षणाची सोयच नाही, असे म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो ही शिडी चढण्याचा खर्च कोणी सोसायचा आणि वर पोहोचल्यावर हाती काय लागते, हा.

पदविकेसाठी पदवी हवी, वरच्या पातळीवर खेळल्याचा दाखला हवा आणि मिळकत थांबवून घराबाहेर राहण्याची ऐपत हवी. दहावीनंतर शेतात किंवा साखर कारखान्यात गेलेला, वीस-पंचवीस वर्षे गावच्या पोरांना चढाई आणि पकड शिकवणारा कबड्डीपटू या दारात उभाच राहू शकत नाही. प्रशिक्षणाचा खर्च व्यक्तीने करायचा आणि लाभ समाजाने घ्यायचा, अशी ही मांडणी आहे. अशा मांडणीतून पुरवठा नेहमीच अपुरा होतो, आणि जो होतो तो ऐपतवाल्यांतूनच होतो.

हा खर्च पूर्वी वेगळ्या मार्गाने भागत असे. रमाकांत आचरेकरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. शिवाजी पार्कवरील त्यांचे कर्तृत्व घरोघरी ठाऊक आहे. ते स्टेट बँकेत नोकरीला होते, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असते. कापड गिरण्या, रेल्वे, बँका, पोलीस दल यांच्या संघांनी अनेक कामगार-खेळाडूंना पोटाची विवंचना न करता खेळू दिले, आणि त्यांतलेच काही जण पुढे संध्याकाळी शिट्टी घेऊन मैदानात उभे राहिले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून मिटल्या. सार्वजनिक उद्योगांतील नोकरभरती आटली. गिरणगावातून केवळ रोजगार गेला नाही, फी न घेता शिकवणारा माणूस ज्या जमिनीत उगवत होता ती जमीनच गेली. कुंपणावरचा फलक त्यानंतरचा आहे.

म्हणून जुन्या गुरुशाहीचे गोडवे गावेत, असे मुळीच नाही. दुखावलेल्या पायाने मुलाला धावायला लावणे, मुलीची तक्रार गुरूच्या लौकिकाखाली दडपणे हेही त्याच मैदानांवर घडले आहे. पदविका म्हणजे उच्चभ्रूंचे थोतांड, असे चळवळीतील काही मंडळी उत्साहाच्या भरात म्हणतात. ते अविचाराचे आहे. प्रमाणपत्राने चारित्र्याची हमी मिळत नाही हे खरे. पण जी नोंदणी रद्द होऊ शकते, ती असल्याशिवाय पालकाने दाद तरी कोठे मागावी? २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियमाने क्रीडा महासंघांच्या कारभाराला हात घातला. गल्लीतली प्रबोधिनी त्यापासून दूरच राहिली.

क्रीडा हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीत आहे. तेव्हा दिल्लीकडे बोट दाखवून मुंबईची सुटका होत नाही. जिल्हा क्रीडा संकुलांच्या इमारती उभ्या राहिल्या, कारण इमारतीची निविदा निघते आणि निविदेत अनेकांचे हित असते. मार्गदर्शकाच्या वाट्याला बहुधा कराराचे मानधन येते. ‘खेलो इंडिया’ योजनेत माजी विजेत्या खेळाडूंना मार्गदर्शक म्हणून नेमण्याची तरतूद झाली, ती योग्यच होती. पण जो कधी विजेता नव्हता आणि तरीही उत्तम शिकवतो, त्याची सोय कोणी करायची? प्रशिक्षण जिल्ह्याच्या ठिकाणी यावे, प्रशिक्षणकाळात विद्यावेतन मिळावे, पदवी नसलेल्याच्या अनुभवाची मैदानावरच परीक्षा घेऊन त्याला नोंदणी द्यावी, आणि नोंदणीनंतर शाळांतून व संकुलांतून कायम पदे असावीत. पदाविना परवाना हा बेकाराच्या हातातील आणखी एक कागद ठरेल.

येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी प्रत्येक जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात तीन आकडे मागवावेत: संकुलावर झालेला बांधकाम खर्च, मार्गदर्शकांची मंजूर पदे, आणि त्यांपैकी भरलेली पदे.