सारथ्य कोणाचे?

मोटारीच्या दुकानात हल्ली इंजिनाच्या आधी 'ॲडास'ची महती सांगितली जाते. पुढच्या गाडीपासूनचे अंतर राखणे, मार्गिकेच्या मधोमध गाडी ठेवणे, प्रसंगी आपण होऊन ब्रेक लावणे अशी अनेक कामे करणाऱ्या यंत्रसमूहाचे हे आद्याक्षरी नाव. सुरक्षिततेचे साधन म्हणून ते विकले जाते आणि ग्राहकही त्यासाठी लाख-दीड लाख रुपये अधिक मोजावयास तयार होतो. ज्या देशात २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर प्राणास मुकली, तेथे सुरक्षिततेच्या कोणत्याही साधनाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु या एका नावाखाली दोन अगदी भिन्न प्रकृतीची यंत्रे ग्राहकाच्या पदरात पडत आहेत, आणि त्यांतील भेद त्याला कोणी समजावून सांगत नाही, ही आमची तक्रार आहे.

पहिले यंत्र पहारेकऱ्याचे. चालक गाडी चालवितो. त्याची चूक होऊ लागली की हे यंत्र ओरडते किंवा ब्रेक लावते. याचा उपयोग निर्विवाद आहे. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या पाहणीनुसार, स्वयंचलित ब्रेकमुळे पुढच्या गाडीवर मागून आदळण्याचे अपघात सुमारे निम्म्याने घटले. दुसरे यंत्र मुखत्याराचे. वेग आणि सुकाणू ही दोन्ही ते आपल्या हाती घेते आणि चालकाला पहाऱ्यावर बसविते. म्हणजे भूमिकांची चक्क अदलाबदल होते. यंत्र काम करणार, माणूस पाहत बसणार. आणि पाहत बसणे हेच नेमके माणसाला जमत नाही.

ही गोष्ट नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यासमोर बसणाऱ्या सैनिकांच्या नजरेतून शत्रूची चिन्हे का निसटतात, याचा शोध केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांनी घेतला. घड्याळाच्या काट्याने क्वचित घेतलेली दुप्पट उडी तेवढी टिपावयाची, एवढेच काम त्यांनी माणसांना दिले. आणि पहिल्या अर्ध्या तासातच त्यांची अचूकता ढासळलेली आढळली. हे १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९८३ मध्ये लिझॅन बेनब्रिज या विदुषीने स्वयंचलनातील विसंगतीवर बोट ठेवले: यंत्र जितके चांगले, तितका माणसाचा सराव कमी, आणि ज्या अवघड क्षणी यंत्र हात टेकते, त्याच क्षणी सराव सुटलेल्या माणसाने धावून यावे, अशी अपेक्षा!

मोटारीच्या बाबतीत या अपेक्षेचा हिशेब मीटरमध्ये मांडता येतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. सावध चालकाचा पाय ब्रेकवर पडण्यास एक-दीड सेकंद पुरतो. परंतु ज्याचे चित्त अन्यत्र आहे, त्याला आधी मान वर करावयाची असते, मग समोर काय आहे हे उमगावयाचे असते, आणि नंतर हातपाय हलवावयाचे असतात. यात चार-पाच सेकंद गेले, तर सव्वाशे मीटर रस्ता चालकाविनाच सरलेला असतो.

कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे २३ मार्च २०१८ रोजी हेच घडले. 'ऑटोपायलट'च्या स्वाधीन असलेली टेस्ला मोटार महामार्ग दुभंगतो तेथे डावीकडे सरकली, तिने वेग वाढविला आणि ती दुभाजकावर आदळली. शेवटचे सहा सेकंद चालकाचा हात सुकाणूवर असल्याची नोंद नाही; त्याच्या मोबाइलवर खेळ चालू होता, असे तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२० मध्ये नमूद केले. याहून विदारक गोष्ट अशी की, याच परिसरात गाडी भरकटते हा अनुभव त्या गृहस्थाला पूर्वी आलेला होता. तो अडाणी नव्हता, बेसावध केला गेला होता. 'चालकाने दक्ष राहावे' अशी सूचना पुस्तिकेत छापून आपण मोकळे झालो, असे मानणाऱ्या कारखानदारांनी या तपशिलाचा विचार करावा. वर उल्लेखिलेल्या विमा कंपन्यांच्या संस्थेने मार्च २०२४ मध्ये अशा १४ प्रणाली तपासल्या, तेव्हा चालकावर लक्ष ठेवण्याच्या कसोटीत त्यांतील ११ 'निकृष्ट' ठरल्या.

मग आमच्या रस्त्यांचे काय? मार्गिकेचे पट्टे पुसलेले, उलट्या दिशेने येणारी दुचाकी, मध्येच बसलेली गाय! शहरात हे यंत्र इतके किंचाळते की अनेक जण ते बंदच करून टाकतात. (ज्यांच्या गाड्या पगारी चालक चालवितात, त्यांनी तर ते काय करते हे त्याला कधी समजावलेलेच नसते.) आणि ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर, जेथे चालकाची शुद्ध हरपू नये हाच मुळी प्रश्न आहे, तेथे ते हौसेने चालू केले जाते. जेथे पहारेकरी हवा तेथे तो गप्प, आणि जेथे मुखत्यार नको तेथे सर्वाधिकारी!

युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकाची पेंग ओळखून इशारा देणारी यंत्रणा सक्तीची केली. आमच्या परिवहन मंत्रालयाने त्याच्याही पुढे जावे. सुकाणू हाती घेणारी प्रणाली ज्या गाडीत असेल, तिच्यात चालकाच्या डोळ्यांवर नजर ठेवणारा कॅमेरा असल्याखेरीज तिला विक्रीची परवानगी देऊ नये. सुकाणूवरचा हात ही दक्षतेची खूण नव्हे. पाण्याची बाटली टांगूनही त्या यंत्राला फसविता येते. चालकाने नजर फिरविली तर प्रथम इशारा, नंतर वेग कमी, आणि तरीही तो भानावर न आल्यास गाडी सावकाश थांबून धोक्याचे दिवे लागावेत. आणि 'गाडी स्वतः चालते' असे सुचविणाऱ्या जाहिराती, त्याचप्रमाणे सुकाणू सोडून मांडी घालून बसल्याची चित्रफीत मिरविणारे महाभाग, या दोहोंवर मोटार वाहन कायद्याचा बडगा आजच उगारता येईल. त्यासाठी नव्या समितीची गरज नाही.