चवदार तळ्याचे वारस आणि दहा रुपयांची बाटली

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तो लढा नुसत्या तहानेचा नव्हता, माणूस म्हणून बरोबरीच्या हक्काचा होता. आज आपल्याच वस्तीतली पोरं दहा रुपयांची थंड बाटली तोंडाला लावतात, तेव्हा 'पोरांचे लाड' म्हणून आम्ही तिकडे काणाडोळा करू शकत नाही.

आधी हिशेब करू. कोल्ड्रिंकच्या 100 मिलीत साधारण 10 ग्रॅम साखर असते. म्हणजे 200 मिलीच्या बाटलीत 20 ग्रॅम, तब्बल पाच चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या शिफारशीनुसार अशी साखर रोजच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी हवी, 5 टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. रोज 1500 कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी हे 5 टक्के म्हणजे जेमतेम 19 ग्रॅम. एका बाटलीतच दिवस संपला, चहातली साखर वेगळीच! बदल्यात प्रथिनं नाहीत, लोह नाही. मिळतात ते किडलेले दात, वाढलेलं वजन आणि पुढे टाइप 2 मधुमेहाचा धोका. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर तर 'मुलांसाठी नाही' असं छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे. पण ते बारीक अक्षर वाचतो कोण?

काही शहाणे म्हणतील, आईबापांनी लक्ष द्यावं. आमचा त्यांना सवाल आहे: आर्णीच्या परिसरात जी माय सकाळीच निंदणाला, कापूस वेचायला जाते, तिने शाळेच्या गेटवर पहारा कधी द्यायचा? शाळेची टाकी कोरडी असेल आणि समोर फ्रीज भरलेला असेल, तर विदर्भातल्या एप्रिलच्या उन्हात पोरगं काय निवडणार? याला निवड म्हणत नाहीत.

पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य आहे, असं संविधानाचं कलम 47 सांगतं. मार्गदर्शक तत्त्वांसाठी कोर्टात जाता आलं नाही, तरी सरकारला मतदारांपुढे उत्तर द्यावंच लागेल, हे बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावलं होतं. शिवाय 2020 च्या केंद्रीय नियमांनुसार जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ शाळेत आणि गेटपासून 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत.

म्हणून तरुणांनो, टेप घ्या, आपल्या शाळेच्या गेटपासून 50 मीटर मोजा. पिण्याचं पाणी आहे का ते बघा. मुख्याध्यापकांना आणि अन्न व औषध प्रशासनाला लेखी निवेदन द्या, पोच घ्या. दुकानदाराशी भांडू नका, तोही पोटासाठीच बसलाय. जाब यंत्रणेला विचारा. आणि 14 एप्रिलच्या मिरवणुकीत आपल्या स्टॉलवर बाटल्यांऐवजी माठाचं पाणी आणि ताक ठेवा.

ज्या समाजाने पाण्यासाठी सत्याग्रह केला, त्याच्या लेकरांना शाळेत स्वच्छ पाणी मिळालंच पाहिजे.

जय भीम!