बर्फाची कळ

आमच्या सदाशिव पेठेंत बर्फ पाहावयाचा तर तो रसवंतीच्या पेटींत. असें असतां आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं जी मोटार घेतली, तींत गिअरच्या दांड्यापाशीं ‘स्नो’ असें लिहिलेली एक कळ निघाली, तेव्हां घरांत बराच विनोद झाला. अशी कळ हल्लीं दुर्मिळ राहिलेली नाहीं. पुण्यांत नित्य दिसणाऱ्या सेल्टॉस व क्रेटा यांच्या कांहीं प्रकारांतहि बर्फ, चिखल व वाळू अशी तिहेरी सोय असते. आमच्या मोटारीचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कारण पुढें जें घडलें त्यांत दोष तिचा नव्हता.

गेल्या हिंवाळ्यांत चिरंजीव, सूनबाई व आमची नऊ वर्षांची नात अशीं तिघें त्याच मोटारीनें मनालीस गेलीं. रोहतांग खिंडीखालचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजीं खुला झाला. त्याची लांबी ९.०२ किलोमीटर असून तो समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. पूर्वीं हिंवाळ्यांत जगापासून तुटणारा लाहौल प्रांत त्यामुळें पुण्याच्या प्रवाशालाहि सुगम झाला. मात्र बोगद्याच्या तोंडापासून खालीं सोलंगपर्यंतचा उतार मोठा कठीण आहे. डिसेंबर २०२४ मध्यें हिमवृष्टि होतांच तेथें शेंकडों वाहनें अडकून पडलीं होतीं. बर्फ पडला कीं चारी चाकांना जोर मिळणाऱ्या अथवा सांखळ्या लावलेल्या गाड्यांनाच पोलीस पुढें सोडतात.

त्या दिवशीं आकाश निरभ्र होतें, म्हणून वाट मोकळी होती. पलीकडे सिस्सू येथें थिजलेल्या बर्फांत शेजारच्या गाड्यांचीं चाकें जागींच गरगरत असतां चिरंजीवांनीं ती कळ फिरविली आणि गाडी अलगद बाहेर काढली. नातीनें टाळ्या पिटल्या. आमच्या मतें घात झाला तो येथेंच. कारण सकाळीं उपयोगी पडलेल्या वस्तूवर मनुष्य दुपारीं अधिक भार टाकतो. परततांना बोगद्याबाहेर डोंगराच्या सावलींत रस्ता नुसता ओला दिसत होता. वस्तुतः त्यावर कांचेसारखा पातळ बर्फ होता, व डांबराचा काळा रंग त्यांतून दिसत असल्यामुळें तो ओळखूं येत नव्हता. वेग ताशीं ४० किलोमीटर. वळण आलें, ब्रेक दाबला, पायाखालीं धडधड झाली, आणि गाडी आपली सरळच निघाली! सुदैवानें ती डोंगराच्या अंगास उपसून ठेवलेल्या बर्फाच्या ढिगांत रुतली. दुसऱ्या अंगास दरी होती.

“अण्णा, कळ तर लावलेली होती,” घरीं आल्यावर चिरंजीव म्हणाले. हें वाक्य आमच्या मनांतून कांहीं केल्या जाईना.

ही कळ करते तरी काय? तिनें इंजिनाचा जोर चाकांस हळूहळू पोंचतो. पुष्कळ स्वयंचलित गाड्या मग पहिल्या गिअरऐवजीं दुसऱ्यांत निघतात. एखादें चाक निसटूं लागलें तर त्यासच ब्रेक लागून जोर दुसऱ्या चाकाकडे वळतो. हें सर्व निघण्याचें व चालण्याचें शास्त्र झालें. थांबणें मात्र टायर व जमीन यांच्या घर्षणावर आहे, आणि तें घर्षण कोणत्याहि कळीस वाढवितां येत नाहीं. गणित मांडलें तर ताशीं ४० च्या वेगांत ब्रेक लागल्यापासून कोरड्या डांबरावर सुमारें ९ मीटर, आमच्या वरंध घाटांतल्या पावसांत १६, दाबलेल्या हिमावर ३१ आणि गुळगुळीत बर्फावर ६३ मीटर लागतात. वेग निम्मा केला तर ह्या ६३ चे १६ होतात, कारण अंतर वेगाच्या वर्गानें वाढतें. हा वर्ग आम्हीं शाळेंत कित्येकांस शिकविला. घरांत मात्र शिकवावयाचा राहिला!

कठोपनिषदांत रथाचें रूपक आहे. बुद्धि सारथि, मन लगाम, इंद्रियें घोडे, हें सर्वांस पाठ असतें. पण तेथें विषयांना मार्ग म्हटलें आहे, याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. ऋषीनें रस्ता हिशेबांत धरला होता.

“मग ही कळ देतात तरी कशाला?” असें सूनबाईंनीं विचारलें. प्रश्न रास्त आहे. चढावर, रुतलेल्या जागीं, निघतांना ती अवश्य लावावी. उतरतांना मात्र आधींपासूनच खालचा गिअर घ्यावा, वळणाच्या अलीकडे वाट सरळ असतांनाच वेग उतरवावा, पुढील गाडीपासून नेहमींच्या कित्येक पट अंतर राखावें आणि पाय, हात कोठेंहि हिसक्यानें हलवूं नये.

यंदां तिघें पुनः जाणार आहेत. सांखळ्या विकत आणल्या. आमच्या गाडीस जोर पुढील चाकांचा, म्हणून त्या पुढेंच लावावयाच्या. गेल्या रविवारीं इमारतीच्या खालीं तालीम झाली. चिरंजीव गुडघ्यांवर, नात घड्याळ घेऊन उभी, आणि शेजारी गॅलऱ्यांतून पाहत. पहिल्या वेळीं ४० मिनिटें लागलीं, दुसऱ्या वेळीं २५. नातीचें म्हणणें असें कीं, तिसरी खेप हातमोजे घालून व्हावी.