पट्ट्याची मोड

खंडेनवमीला तलवार पाटावर येते. ती ज्या पट्ट्याला लटकत होती तो पट्टा मात्र माळ्यावरच राहतो. चामड्याचा विटाळ! बदनावर, धार, देवास येथील आपल्या घरांतील या रीतीविरुद्ध आता स्पष्ट बोलणे आम्हांस भाग आहे. पट्ट्यावरच्या पितळी फुल्या, कड्या, तोसदानाच्या झाकणावरची नक्षीदार चकती, चकमकीच्या बटव्याचा आकडा, हे सारे शेवटी मोडीवाल्याच्या तागडीत जाते.

हंगेरीतील मॅग्यारांकडे पाहावे. इ. स. ८९५ च्या सुमारास कार्पेथियन खोऱ्यात उतरलेले हे घोडेस्वार कमरपट्ट्याला चामडी पिशवी लावीत आणि तीत चकमकीचे साहित्य बाळगीत. एखाद्या सरदाराच्या पिशवीवर पानांची वेलबुट्टी कोरलेला, सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा पत्रा असे. इतर अनेकांच्या वाट्याला कांशाच्या टिकल्या व कड्या. चामडे कुजले, धातू उरला. १८६८ साली गल्गोत्स येथे असा एक पत्रा सापडला आणि हंगेरीच्या कलेतिहासात तो मानाने बसला. पण कांशाच्या टिकल्याही तेथे कोणी भंगारात घातल्या नाहीत. टिकली सांगाड्याच्या कोणत्या भागाशी सापडली यावरून पट्टा कसा बांधीत, पिशवी कोणत्या बाजूस लोंबे, हे अभ्यासक ठरवितात.

यावर कोणी म्हणेल, कोठे ती हजार वर्षांची थडगी आणि कोठे आमच्या खापरपणजोबांचे पितळ! आम्हांस हा युक्तिवाद नेमका उलटा वाटतो. मॅग्यारांनी आपले मृत पुरले. आपण दहन करतो आणि अस्थी नर्मदेत सोडतो. पवारांबरोबर माळव्यात आलेल्या स्वाराचा पट्टा भूमीने जपलेला नाही. उरला असेल तर तो घरातच, आणि घरातून गेला की खणून काढण्यास दुसरी जागा नाही.

१८५७ च्या ऑक्टोबरअखेर इंग्रजांनी धारचा किल्ला घेतला आणि खजिना लुटला, हे आपण तावातावाने सांगतो. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाल्यानंतर वाटण्यांत आणि वाडे विकताना आपल्याच हातांनी जे गेले, त्याचा हिशेब कोण मागतो? राजवाड्यांनी दारोदार हिंडून दप्तरे वाचविली. पुण्यास दिनकर केळकरांनी अडकित्ते आणि दिवे जमविले. (लोक त्यांना हसलेही असतील.) माळव्यातील आपल्या समाजाने पट्ट्यांसाठी एक वही तरी घातली आहे काय?

शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही. मोडीवाल्याला मात्र वजनाखेरीज काही दिसत नाही. म्हणून फुली चामड्यापासून उचकटू नये. ती कोणत्या भोकात होती हे उचकटल्यावर कळत नाही. चिंच आणि राख घासून ती लखलखीत करू नये. त्याने कोरीव रेघा झिजतात. छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी, आणि पट्टा कोणाचा, कोणत्या शाखेकडून आला, हे आजींना आठवते तोवर लिहून घ्यावे. विटाळ मानणाऱ्यांनी पट्टा पाटावर न ठेवता पाटाखाली ठेवला तरी आमची हरकत नाही.